वॉर्ड नंबर नऊच्या अडाणीपणाचा इतिहास

१८ मार्च १९६२, रविवार. सकाळी.

निर्णय झाला. वॉर्ड नंबर नऊमधून नगरपालिकेला उभा राहणार.

बत्तीस वर्षं तहसिलीत कारकुनी केली. आधी निजामाच्या अमदानीत उर्दूतून, विलीनीकरणानंतर मराठीतून. दोन्ही भाषांत लोकांच्या अर्ज्यांतल्या चुका काढल्या. आजही वस्ती मला मुनशीजी म्हणते, ते उगीच नाही. एवढा अनुभव नाक्यापलीकडं कुणाला आहे? कुणालाही नाही.

सौ. चंद्रप्रभेला सांगितलं. ती कैऱ्या चिरत होती. म्हणाली, "बरं." तिला आतून आनंद झाला असणार.

आमचा वॉर्ड म्हणजे तुळजापूर रस्त्यावरच्या जकात नाक्यापलीकडची वस्ती. धाराशिवात ज्यांना जागा मिळाली नाही ते सगळे इथं येऊन बसले. टांगेवाले, हमाल, तेलघाणेवाले, भाजीवाल्या, कोर्टातले पट्टेवाले. मी मात्र हवा चांगली म्हणून आलो.

नुसतं उभं राहायचं नाही. आधी स्टडी. वॉर्ड कसा आहे, आजवर मतं कुणाला दिली, का दिली, सगळं सायंटिफिक.

२० मार्च.

इतिहास लिहून काढला. विलीनीकरणानंतर दोन इलेक्शनं झाली. दोन्हींत पब्लिकनं गाढवपणा केला.

पहिलं, १९५२. निवडून आला गुंडाप्पा. पहिलवान. अंगठेबहाद्दर. कारण : मिशा. दुसरं काही सापडत नाही. लोक सांगतात, अठ्ठेचाळीसच्या गडबडीत तो महिनाभर नाक्यावर काठी घेऊन बसला होता आणि हिंदूच्या की मुसलमानाच्या, एकाही दाराला त्यानं धक्का लागू दिला नाही. असेल. मी त्या दिवसांत पोटाच्या तक्रारीमुळं सोलापूरला सासुरवाडीत होतो, त्यामुळं खातरजमा करता आली नाही.

दुसरं, १९५७. त्याच गुंडाप्पाला पाडला. शंकरप्पा तेलवाला आला. कारण : गोड जीभ. ओढ्यावर फरशी घालीन म्हणाला आणि घातली. पूर्वी पावसाळ्यात वस्ती आठ-आठ दिवस गावापासून तुटायची, आता तुटत नाही. पण फरशीला कुणी मत देतं का? मत तत्त्वाला द्यायचं असतं.

निष्कर्ष : मेंढरं. पाच वर्षांत मन बदलतात आणि कारण विचारलं तर काठी, फरशी असलं काहीतरी सांगतात.

२५ मार्च.

कोष्टक पुरं झालं. एकूण मतदार ६१२.

ज्यांच्या अर्ज्या मी तहसिलीतून परत पाठवल्या असे २१०. यांना माझं नाव तोंडपाठ आहे. इलेक्शनमध्ये नाव तोंडपाठ असणं हेच निम्मं काम. ज्यांना मी रस्त्यात ओळख देतो असे ९०. एज्युकेटेड ४०, हे दुसऱ्या कुणाला मत देऊच शकत नाहीत.

एकूण नक्की : ३४०. मेजॉरिटी. आता फक्त मत पडायचं बाकी आहे.

६ एप्रिल. पाडव्याचा दुसरा दिवस.

अर्ज भरला. चिन्ह तराजू मागितलं होतं. ते शंकरप्पानं आधीच उचललं. तेलवाल्याला दुसरं काय सुचणार. मला शिडी मिळाली. उत्तम. शिडी म्हणजे उन्नती. पट्टेवाल्यानं विचारलं, "मुनशीजी, कुठं चढायचंय?" पावती घेऊन निघालो.

उमेदवार तीन. शंकरप्पा, मी, आणि इरम्मा. होय, इरम्मा! नाक्यावर जमिनीवर पोतं पसरून वांगी, मिरच्या विकते ती. नवरा हमाल होता, गेला. लिहिता-वाचता येत नाही, निम्मं बोलणं कानडी. तिच्या नावापुढं काय चिन्ह लिहिलंय ते मी वाचलंदेखील नाही. कशाला डोळ्यांना त्रास.

घरी येऊन हसलो. सौ. हसली नाही. इरम्माकडून ती नेहमी भाजी घेते, त्यामुळं तिला संकोच वाटला असावा.

१२ एप्रिल.

प्रचार. पहिलं भाषण, नाक्याच्या लिंबाखाली. विषय : नागरिकाची कर्तव्यं. हजर : एकोणीस. त्यांतले सात एसटीची वाट पाहत होते. गाडी आल्यावर बारा उरले. म्हणजे सात गेले तरी बारा टिकले. हे प्रमाण चांगलं आहे.

भाषणात स्पष्ट सांगितलं, की तुम्ही आजवर चुका केल्या, मी त्या सुधारायला आलो आहे. एका म्हातारीनं विचारलं, "नळाचं काय करनार?" तिला समजावलं, की नळ हा लहान प्रश्न आहे, आधी दृष्टिकोन बदलायला हवा. ती उठून गेली. बहुधा दृष्टिकोन बदलायला.

१७ एप्रिल.

वस्तीतला सरकारी आड आटला. बायका कोसभर लांब मळ्यातल्या विहिरीवर जातात. ऊन मरणाचं. शंकरप्पा घरोघर सांगतो, नळाचं बघू. फरशी झाल्यापासून तो प्रत्येक गोष्टीला बघू म्हणतो.

आमच्या परसातल्या आडाला मात्र बारमाही पाणी. त्याच्यावर फळ्या टाकून कुलूप लावलेलं आहे, कारण लोक दोर नीट ठेवत नाहीत.

आज एकाएकी मला मास्टरस्ट्रोक सुचला. आड खुला करायचा! सकाळी सहा ते नऊ, वॉर्डातल्या सगळ्यांना, जातपात न बघता. एका दगडात सहाशे बारा पक्षी.

सौ. म्हणाली, हे मी चार वर्षांपासून सांगतेय. बायकांना नंतर सगळंच आधी सांगितल्यासारखं वाटतं.

१९ एप्रिल. सकाळी साडेनऊ.

काय गर्दी! मोजल्या. एकशे सहा बायका. परसात पाय ठेवायला जागा नाही. मी ओसरीवर खुर्ची टाकून बसलो, टोपी घालून, म्हणजे उपकार कुणाचे ते कळावं. येताजाता प्रत्येक बाई डोक्यावरचा पदर सारखा करत होती. हा आदर विकत मिळत नाही.

इरम्माही आली होती. तिलाही भरू दिलं. शत्रूशी उदारपणा. तिनं हात जोडले. म्हणाली, "मुनशीअण्णा, लई पुण्याचं काम केलंत." गरीब बिचारी. स्वतःचा पराभव स्वतःच्या तोंडानं बोलून गेली.

नक्की मतं : ३८०.

२४ एप्रिल.

गर्दी वाढते आहे. पाणी भरून झालं तरी बायका जात नाहीत. पेरूच्या झाडाखाली बसतात. इरम्मा मध्ये. ती हलक्या आवाजात काही सांगते, बाकीच्या माना डोलावतात. सौ. त्यांना गूळपाणी देते. मला दोन दिवस चहा उशिरा मिळाला.

मी मुद्दाम जवळून फेरी मारली. काय बोलतात म्हणावं? तर "घागर". ही म्हणते घागर, ती म्हणते घागर. "ध्यानात ठेव गं, घागर." "सासूलाबी सांग, घागर." या जमातीला भांड्यापलीकडं विषय नाही. अशांच्या हातात मताचा हक्क देणाऱ्यांची धन्य आहे.

३० एप्रिल.

गुंडाप्पा आला होता. मिशा पिकल्या. ओसरीवर बसला, पाणी प्याला. म्हणाला, "मुनशीजी, एक सांगू? राग धरू नका. जरा मागं वळून बगा की परसात काय चाललंय."

म्हटलं, रोज बघतो. माझ्या विजयाची तयारी चालली आहे.

त्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "म्याबी पडायच्या आधी असंच बोलायचो." आणि गेला.

मत्सर. पडलेल्या माणसाला दुसऱ्याचं चढणं बघवत नाही.

६ मे.

या खेपेला प्रत्येकाची पेटी वेगळी नाही. एकच पेटी, चिठ्ठीवर चिन्हासमोर शिक्का मारायचा. फेब्रुवारीच्या मोठ्या निवडणुकीत असंच होतं म्हणतात. मी तेव्हा मत दिलं नव्हतं. लायक उमेदवार दिसला नाही.

या अडाण्यांना शिक्का कसा जमणार? माझी शेकडो मतं बाद होतील. म्हणून परसात शिकवणी घेतली. पाटीवर शिडी काढली, खडूनं फुली मारून दाखवली. मत गुप्त असतं, नवऱ्यालाही सांगायचं नसतं, हेही सांगितलं. हे ऐकून बायका एकमेकींकडं बघून फार हसल्या. इरम्मा म्हणाली, "अण्णा, ह्ये तुमी ब्येस सांगितलं. परत एकदा सांगा." परत सांगितलं.

१२ मे.

आकडा अखेरचा. नक्की ४००. शंकरप्पाला १५०. इरम्माला तिच्या घरचे, म्हणजे तीन. विजयाचं भाषण लिहिलं, साडेचार पानं. त्यात पराभूतांविषयी दोन बऱ्या ओळी घातल्या आहेत.

१३ मे. मतदान.

सकाळी पहिला जाऊन मत दिलं. शिडीसमोर शिक्का मारला आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं खाली सही केली. मार्तंड विश्वनाथ आपसिंगेकर, तारखेसह. दस्तऐवजाला सहीशिवाय किंमत नाही. त्या अडाण्यांच्या चिठ्ठ्यांत माझी एक तरी नीट असावी.

शाळेबाहेर बायकांची रांग ओढ्याच्या फरशीपर्यंत. उन्हात. एकही भांडत नव्हती. मी रांगेवरून चालत गेलो. सगळ्या हसून बघत होत्या.

संध्याकाळी सौ.ला विचारलं, शिक्का नीट मारलास ना? म्हणाली, नीट मारला. शिडीसमोर? म्हणाली, "गुप्त असतं. तुम्हीच शिकवलंत."

विनोद करण्याची ही वेळ नव्हती.

१४ मे.

एकूण पडलेली मतं ४४७.
इरम्मा ३०१.
शंकरप्पा १३४.
मी ११.
बाद १.

बाद झालेलं मत मोजणीच्या अंमलदारानं वर धरून दाखवलं. म्हणाला, मत कुणी दिलं ते चिठ्ठीवर ओळखू येता कामा नये, असा कायदा आहे. इथं तर मतदारानं पूर्ण नाव आणि तारीख घातली आहे. मग नाव वाचलं. मोठ्यानं.

सगळे हसले. शंकरप्पा स्वतः पडला होता, तोही हसला.

इरम्माच्या नावापुढचं चिन्ह आज पहिल्यांदा वाचलं. घागर.

१५ मे.

प्रकृती बरी नाही. परसातून बायकांचे आवाज येतात. मी आतल्या खोलीत आहे. आडाला पुन्हा कुलूप घालावं असं सौ.ला सुचवलं. किल्ली कुठं ठेवली ते आठवत नाही म्हणाली. मला वाटतं तिला आठवतं.

१९ मे.

विचार केला. माझ्या थिअरीत चूक नाही. चूक वॉर्डात आहे. पहिल्यांदा काठीला मत, मग फरशीला मत, आता घागरीला. कशाचा पायपोस कशात नाही. काठी, फरशी, पाणी. याला काही सूत्र असेल तर कुणीतरी दाखवावं.

मला ती अकरा मतं कुणी दिली हा एक प्रश्न राहतो. सौ.ला विचारायचं धाडस होत नाही.

२१ मे.

इरम्मा आली. दाराशी चपला काढून, खाली बसून बोलली. मेंबर झाल्याचा तोरा नाही. तोरा यायलाही थोडं शिक्षण लागतं.

म्हणाली, "अण्णा, खोटं कशाला बोलू, तुमच्या आडानं मला मेंबर केलं. बायास्नी बसून बोलायला दुसरी जागा कुटं हाय? घरी सासरा, वाटंवर लोक." पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "तुमास्नी वाईट वाटलं आसंल. म्या तुमच्या म्होरंच बसले व्हते, लपून न्हाय. तुमी बगितलं न्हाय."

मी टोपी काढून झटकली. धूळ बसली होती. उन्हाळ्यात होतं असं.

मग मुद्दा काढला. सभेत नळाचा अर्ज द्यायचा आहे, तिला लिहिता येत नाही, मी लिहून द्यावा.

ती गेल्यावर लख्ख उजेड पडला. मेंबर ती, पण लेखणी माझी. निजामाच्या काळात तरी राज्य कोण चालवत होतं? आम्ही मुनशी! आता वॉर्ड नंबर नऊ मीच चालवणार. हरलो असं म्हणताच येणार नाही.

२८ मे.

अर्जाचा तिसरा खर्डा. वॉर्डाचा पूर्वेतिहास, लोकसंख्येचं कोष्टक, पाण्याचं सामाजिक महत्त्व, दोन संस्कृत वचनं, शेवटी नम्र विनंती. चार ताव, नियमाप्रमाणं एकाच अंगाला लिहिलेले. असा अर्ज या नगरपालिकेनं पाहिलेला नसेल. इरम्माचा अंगठा घेतला. शाई थोडी पसरली. तेवढाच एक डाग.

नळ आला की वस्तीला कळेल, तो कुणाच्या अक्षरानं आला.

२ जून, शनिवार.

सभा. इरम्माबरोबर मीही गेलो, अर्जातलं काही कळलं नाही तर समजावून द्यायला. दारावरच्या शिपायानं फक्त मेंबरांना आत सोडलं. मला बाहेर बाकावर बसवलं.

वॉर्डातल्या पन्नासेक बायका आवारात रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. सौ.ही होती. तिची घागर आमच्याच घरातली. मला वाटलं, मला बघायला आल्या. एकीनंही बघितलं नाही. सगळ्या दाराकडं बघत होत्या.

अर्ध्या तासानं इरम्मा बाहेर आली. म्हणाली, "दोन नळ मंजूर. एक नाक्यावर, एक शाळंपाशी. पंधरा दिसात खणायला लागत्यात." बायकांनी घागरी वाजवायला सुरुवात केली. कानठळ्या बसल्या.

मी विचारलं, अर्जातला कोणता मुद्दा पटला? कोष्टक की वचनं?

म्हणाली, "वाचायला येळ कुणाला हाय, अण्णा. म्या उबी ऱ्हायले अन् म्हनले, बाहीर पन्नास बाया घागरी घिऊन बसल्यात. न्हाय म्हनायचं आसंल तर बाहीर यिऊन त्यास्नी म्हना. कुनी उटलंच न्हाय."

मग कमरेची पिशवी सोडून चारही ताव मला परत दिले. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"पाठकोरं हाय," म्हणाली. "तुमच्या लिखनाला कामा यील."

आजची नोंद त्याच्यावरच लिहिली आहे. कागद चांगला आहे. शाई पसरत नाही.