अध्यक्ष पहिल्या मिनिटातच गेले, त्याची हकीकत

बिबवेवाडी, पुणे ३७
९ ऑक्टोबर २०२३

तीर्थस्वरूप श्यामसुंदरदादा,

धाकट्या रंगनाथाचा वाकून नमस्कार. (वाकणं मनातल्या मनात, कंबर तीन महिने संपावर आहे.) तुझी साखर किती, वहिनींचा गुडघा कसा, आर्वीचं ऊन उतरलं की नाही, अंगणातल्या लिंबाच्या झाडाला यंदा लिंबं किती आली, सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही मजेत. दुर्गा नेहमीप्रमाणे खणखणीत आणि तुझी प्रियदर्शनी तिच्याहून खणखणीत. लेकीचं नाव आलं म्हणून पत्र लगेच खाली ठेवू नकोस. तू पाच महिने तिच्याशी बोलत नाहीस, आणि ती माझ्या घरी राहते म्हणून माझाही फोन उचलत नाहीस, ते ठीक आहे. पण अडतीस वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस, हाती आलेला कागद शेवटपर्यंत वाचून, लाल पेनानं शुद्धलेखन तपासल्याशिवाय सोडत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याच खोडीवर भिस्त ठेवून लिहायला बसलो आहे.

तुझी तक्रार अशी की पोरीनं संगणकावर खेळ खेळत बसण्यासाठी हिंजवडीची चांगली नोकरी सोडली. दादा, यात एक मोठी चूक आहे. ती खेळत नाही. तिला खेळता येतच नाही. परवा गंमत म्हणून माझ्याशी खेळली आणि माझ्याशी हरली, यावरून काय ते ओळख. तिला त्या खेळाचा धंदा उभा करायचा आहे, आणि तोही नीट, कायद्याच्या पायावर. मलाही आधी काही कळलं नव्हतं. एप्रिलमध्ये राजीनामा देऊन आली त्या दिवशी मी तोंड वाकडं करूनच बसलो होतो. तेव्हा तिनं समोर बसून समजावलं, की काका, सरकारनं याला खेळ म्हणून मान्यता दिली आहे, पोरं लाखांनी खेळताहेत, हजारो लोक ते बघताहेत, पण बाकी सगळा आनंदीआनंद आहे. कोणीही उठतो, स्पर्धा भरवतो, बक्षीस जाहीर करतो आणि बक्षिसाच्या दिवशी गायब होतो. खेळाडूशी करार नाही, पंचांची यादी नाही, लबाडी केली तर दाद मागायला जागा नाही, आणि तेवीस-चोवीसच्या वयात बोटं मंदावली की त्या पोराला कुत्रं विचारत नाही. हे बदललं तरच हा उद्योग टिकेल, नाहीतर चार वर्षांत फुगा फुटेल. मी ऐकत होतो, पण खरं सांगतो, तिच्या तोंडून "काका, याला धड उपविधीच नाहीत" हे वाक्य आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अरे, चौतीस वर्षं मी सहकार खात्यात काढली! ज्या गावात पाण्याच्या टाकीच्या झाकणावरूनही विशेष सर्वसाधारण सभा भरते, तिथे एक अख्खा खेळ विनाउपविधी? मी ताबडतोब चष्मा मागवला.

अकरा दिवसांत मी चौसष्ट कलमांची घटना लिहून काढली. (निवृत्तीनंतर इतकी गाढ झोप मला त्या अकरा दिवसांतच लागली, असं दुर्गा म्हणते.) अर्थात सगळं कोऱ्या कागदावर कोण लिहितं? आपली जुनी कामं हाताशी होतीच. थोडं आमच्या गृहरचना संस्थेचं घेतलं, थोडं एका दूध संस्थेचं, थोडं सोसायटीच्या मुलांच्या सहलीचं. त्यामुळे पहिल्या खर्ड्यात खेळाडूंनी गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत आणि स्निग्धांश कमी भरल्यास माल परत पाठवावा, अशी दोन कलमं राहून गेली. प्रियदर्शनीनं ती वेळेवर काढली. दुसरी काही राहिली असतील असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही. हे वाक्य ध्यानात ठेव, पुढे कामाला येईल.

पहिली सभा तन्वीरच्या सायबर कॅफेत झाली. तन्वीर म्हणजे शमशुद्दीन घड्याळवाल्यांचा थोरला. दोन हजार साली त्यानं वडिलांच्या दुकानाच्या माळ्यावर सहा संगणक टाकले होते, आता अठ्ठावीस आहेत, आणि त्याची धाकटी बहीण सुमय्या ही आमच्या पुण्याच्या संघाची कर्णधार. काय पोरगी आहे दादा! इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बोलते हळू, आणि कानाला हेडफोन लावला की समोरच्या पाच जणांना पाणी पाजते. तर सभेला निम्मे सभासद प्रत्यक्ष आणि निम्मे पडद्यावर. मी रीतसर हजेरी घ्यायला लागलो, तर पडद्यावरच्या मंडळींनी खरी नावं सांगायलाच नकार दिला. त्यांच्यात म्हणे खेळातल्या नावाला मान असतो. शेवटी इतिवृत्तात मला स्वच्छ अक्षरात लिहावं लागलं, की ठराव क्रमांक एक, सूचक श्री. खुंखार ४११०३७, अनुमोदक श्री. डेडली लाडू, ठराव एकमताने मंजूर. या डेडली लाडूनंच अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलं, म्हणून मी फार खोलात गेलो नाही. उपाध्यक्ष म्हणून बाई माणूस हवं असं निघालं, तेव्हा दुर्गा चहा घेऊन नेमकी दारात उभी होती. सचिव अर्थात प्रियदर्शनी.

आता उद्योग म्हटला की पाठीशी कोणीतरी व्यापारी लागतो. तो वारज्यात सापडला. रंगराव म्हणून एक गृहस्थ आहेत, मंगल कार्यालयांना खुर्च्या पुरवतात. आमची सचिव त्यांच्याकडे गेली, त्यांना सगळं समजावलं, पण ते ढिम्म. मग त्यांनी सहज विचारलं, की ही पोरं खेळतात किती तास? ही म्हणाली, सरावाच्या दिवशी आठ तास. उभ्यानं? नाही, बसून. रंगराव ताडकन उठले. माणूस आठ तास बसतो असा खेळ निघाला आणि मला कोणी सांगितलं नाही, म्हणाले. त्यांनी खेळाडूंसाठी वेगळी खुर्ची बनवायला घेतली आणि तीन वर्षांचा करार करायची तयारी दाखवली. त्यात खेळाडूंना दरमहा ठरलेलं मानधन, आणि खेळ सुटल्यावर पंच किंवा प्रशिक्षक म्हणून काम, हे प्रियदर्शनीनं हट्टानं घालून घेतलं. अट एकच. जिल्हा स्पर्धा आधी डोळ्यांनी बघणार, ती सुरळीत पार पडली तर सही, नाहीतर राम राम. म्हणजे पोरीच्या पाच महिन्यांच्या धडपडीचं काय व्हायचं ते त्या एका दिवशी ठरणार होतं. तिनं आदल्या दिवशी जेवणात मीठ समजून दोनदा साखर घातली, यावरून तिची अवस्था ओळख. (आम्ही मुकाट्यानं खाल्लं.)

स्पर्धा आमच्या इथल्याच मंगल कार्यालयात झाली. व्यासपीठावर दहा संगणक, मागे मोठा पडदा, पहिल्या रांगेत आपल्याच नव्या खुर्चीत रंगराव. सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. आणि तिथे मला कलम बावीस आठवलं. सामन्यापूर्वी अध्यक्षांनी पंच या नात्याने मैदानाची समक्ष पाहणी करावी. हे मी कबड्डीवरून घेतलं होतं. पोरं म्हणाली, अहो काका, मैदान संगणकाच्या आत आहे. मी म्हटलं, असेल, पाहणी झाल्याशिवाय सामना सुरू होणार नाही. शेवटी प्रियदर्शनीनं कपाळाला हात लावला आणि मला एका संगणकापुढे बसवून शिरस्त्राण घातलेला एक गडी चालवायला दिला. बाणाच्या चार कळांशिवाय कशालाही हात लावू नका, असं तीनदा बजावलं. मी निघालो. मैदान तसं बरं होतं, पण डावीकडच्या बाजूला एक भिंत पडकी होती आणि उजवीकडच्या बाजूला धड होती. हा सरळसरळ अन्याय. मी टिपून घ्यायला खिशातलं पेन काढलं, ते पडलं, ते उचलायला वाकलो (कंबर!), आणि कोपर नको तिथे टेकलं. गड्यानं धाड धाड गोळ्या सोडल्या. त्या नेमक्या सुमय्याच्या गड्याला लागल्या. ती बिचारी हेडफोन लावून हात गरम करत बसली होती, तिला कुठे ठाऊक कोण मारतंय? सवयीनं गर्रकन वळली आणि एका गोळीत तिनं मला आडवं केलं. मोठ्या पडद्यावर, चारशे माणसांसमोर, माझ्या नावापुढे लाल अक्षरात मृत असं आलं.

सुमय्यानं तोंडावर दोन्ही हात घेतले. माझ्या डोळ्यांपुढे पोरीचा करार कागदाच्या होडीसारखा बुडताना दिसला. मी तसाच उठून उभा राहिलो आणि खेळ पुन्हा सुरू करा म्हणालो. तेव्हा पडद्यामागून आवाज आला, की अध्यक्ष मृत आहेत, त्यांना बोलता येणार नाही. हा आवाज डेडली लाडूचा. (प्रत्यक्षात तो कोथरूडचा सुदर्शन निघाला, वकिलीला आहे.) त्यानं माझीच घटना उघडली आणि कलम एकोणीस वाचलं. अध्यक्ष कार्यकाळात दिवंगत झाल्यास सभेने शोकप्रस्ताव मंजूर करून उपाध्यक्षांकडे तत्काळ सूत्रे सोपवावीत. कोणत्या जगात दिवंगत झाल्यास, हे मी लिहिलंच नव्हतं. मग काय! शोकप्रस्ताव मांडला गेला. सूचक खुंखार, अनुमोदक खुद्द सुमय्या, रडवेल्या आवाजात. चारशे माणसं माझ्यासाठी एक मिनिट उभी राहिली, मीही उभा राहिलो, बसून कसं चालेल? मग दुर्गानं पदर खोचला, सूत्रं घेतली, कलम बावीस स्थगित केलं, नवे पंच नेमले आणि ठरल्या वेळेला, एक मिनिटही इकडेतिकडे न होता, सामना सुरू केला. सगळं मिळून नऊ मिनिटं. आपल्या खात्यात एवढ्यात शिपाईसुद्धा जागचा हलत नाही.

रंगरावांनी सामना संपेपर्यंत आपली खुर्ची सोडली नाही. मग पुढे आले. मी म्हटलं, झालं, आता राम राम. तर ते प्रियदर्शनीला म्हणाले, ताई, तीस वर्षं कार्यालयांना खुर्च्या पुरवतोय, शेकड्यानं मंडळं बघितली. अध्यक्षांना साधा खोकला आला तरी मंडळ बंद पडतं. तुमच्या इथं अध्यक्ष गेले आणि काम थांबलं नाही. आणा तो करार. तिथल्या तिथे सही केली! पोरगी आधी हसली, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घळाघळा रडली. मी तिला म्हटलंसुद्धा, की अगं, दिवंगत माणसाच्या खांद्यावर रडू नये. पण मला फार अभिमान वाटला. तू हवा होतास दादा. पडद्यापेक्षा दाराकडेच तिचं लक्ष जास्त होतं, ते मला दिसत होतं.

तर असं आहे. आता राष्ट्रीय संघटनेनं आम्हाला मान्यता दिली आहे आणि या चोवीस तारखेला पुण्याचा संघ इंदूरच्या स्पर्धेला निघतो आहे. दुर्गा अजूनही सूत्रं परत द्यायला तयार नाही. मला तिनं मागाहून नुसतं पंच म्हणून ठेवलं आहे, म्हणून संघाबरोबर मीही निघालो आहे. बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लावा.

तुझा धाकटा,
रंगनाथ (इतिवृत्तानुसार कैलासवासी)

ता. क. १ : सोबत दोन संमतिपत्रं जोडली आहेत. कलम एकतीस असं, की संघाबरोबर परगावी जाणाऱ्या प्रत्येकानं घरातल्या वडीलधाऱ्यांची सही आणावी. हे मी सोसायटीच्या मुलांच्या कात्रजच्या सर्पोद्यानाच्या सहलीवरून उचललं होतं आणि त्यात वयाची अट घालायची राहिली. राष्ट्रीय संघटना आमचीच घटना आमच्यापुढे धरून सगळ्यांची पत्रं मागते आहे. कलम बदलायला एकवीस दिवसांची नोटीस लागते आणि हातात पंधरा आहेत. एक पत्र सत्तावीस वर्षांच्या प्रियदर्शनीचं, दुसरं सहासष्ट वर्षांच्या माझं. माझे वडीलधारे आता तूच. सापाला हात लावू देणार नाही, ही ओळ खोडलीस तरी चालेल.

ता. क. २ : खरं तर कलम चाळीसनुसार अध्यक्षांना सूट देण्याचा अधिकार आहे, आणि दुर्गा आजच द्यायला तयार होती. मी सूट घेतली असती. तुझ्या लेकीनं घेतली नाही. बाबांची सही आल्याशिवाय मी बसमध्ये पाय ठेवणार नाही, म्हणाली. हट्ट कोणाचा उचलला आहे ते तू जाण.

ता. क. ३ : तिनं तिचा अर्ज पूर्ण भरला आहे, फक्त "पाल्यास गाडी लागते का" ही जागा कोरी सोडली. मी विचारलं, तर म्हणाली, ते बाबांना माहीत आहे, दर वेळी आर्वीच्या बसमध्ये लिंबू तेच धरायचे. इंदूरचा रस्ता चौदा तासांचा आहे दादा. लिंबं इथेही मिळतात, पण तू पाकिटात एक टाक.