दुपारची मोटर

बाई, मागच्या महिन्यात मंगरूळला पंचायत समितीच्या सभागृहात मी तुमचं नाव घेतलं. तालुक्यातले सरपंच जमले होते, पंखे फिरत होते पण वारा कोणालाच लागत नव्हता. मी उभी राहून सांगत होते, की आमच्या गावानं एका दुष्काळी उन्हाळ्यात स्वतःहून बोअर बंद ठेवले आणि प्यायच्या पाण्याची विहीर राखली. कोणी साहेब आला नव्हता, कोणी नोटीस काढली नव्हती. तेव्हाच्या आमच्या सरपंच, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, घरोघर गेल्या, त्यांनी गावाला शब्द दिला आणि गावाकडून शब्द घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले, पदरानं मान पुसली, आणि तेवढ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवरून तुमचा भाऊ उठला.

तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, पण मी आता गावची सरपंच आहे आणि तुमचा धाकटा भाऊ उपसरपंच आहे. जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा लोक मला म्हणाले, तू बाईंच्या हाताखालची, तूच उभी राह्य. तुम्ही बसायच्या त्या खोलीत पहिल्या दिवशी गेले तेव्हा मी खुर्चीवर लगेच बसले नाही. तुम्ही वर्गात असलात की आम्ही बसायच्या आधी तुमच्याकडे पाहायचो, तसं काहीतरी झालं. शाळेत एकदा मी अर्धा पेला पिऊन उरलेलं पाणी खिडकीतून फेकलं होतं, तर तुम्ही मला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. 'पाणी काय तुझ्या एकटीचं आहे?' एवढंच म्हणालात. मारलं असतं तर मी विसरले असते. ते वाक्य मात्र माझ्याबरोबर मोठं झालं, सासरी गेलं, परत आलं, आणि निवडणुकीच्या भाषणातही मी तेच बोलले.

सरकारनं पाण्याच्या नव्या कायद्याचा मसुदा काढला आहे. नवा बोअर कुठे खोदू द्यायचा, टंचाईच्या वर्षी कोणाचा बंद ठेवायचा, हे सगळं यापुढे जिल्ह्याच्या ठिकाणचं एक प्राधिकरण ठरवणार. ग्रामसभेनं फक्त सूचना करायच्या. त्यावर प्रत्येक ग्रामपंचायतीनं आपलं म्हणणं ठराव करून कळवायचं होतं, आणि मंगरूळच्या सभेत तालुक्याचं एकत्र म्हणणं ठरायचं होतं. आम्ही समाजमंदिरात ग्रामसभा घेतली. आमच्या पाण्याचा निर्णय आमच्याकडेच राहावा, या मसुद्याला आमचा विरोध आहे, असा ठराव झाला. सूचक मी, अनुमोदक तुमचा भाऊ. सभा संपल्यावर तो आमच्या ओसरीवर चहा प्यायला आणि म्हणाला, 'ताई असती तं खुश झाली असती.' मला त्या दिवशी रात्रीपर्यंत बरं वाटत होतं.

तो उन्हाळा मला काल झाल्यासारखा दिसतो. विहिरीच्या तळाला पाणी चकाकतं आहे, बायका गुंड-कळशा मांडून काठावर बसल्या आहेत, एकीनं पोहरा सोडला की बाकीच्या वाकून पाहतात. आमची संत्र्याची बाग त्या विहिरीला लागूनच. बाबांनी लेकरासारखी वाढवलेली झाडं नुकती भरात आली होती, आणि आमच्या बांधावरचा बोअर तेवढा चालत होता. मी नुकतीच दहावीत गेले होते. तुम्ही बाबांकडे आला नाहीत. तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर तुम्ही ज्वारीची भाकर थापत होतात, मला पाटावर बसवलंत, गरम भाकरीवर तेल-तिखट घालून दिलंत. मग म्हणालात, 'तुह्या बाले मी सांगतलं तं ते माह्याशी भांडतीन. तुहं ऐकतीन. तू सांग त्याइले, बोअर बंद करा म्हणा. सारेच बंद करून राह्यले. माह्या भावाचाबी मी बंद करून ठेवला.'

मी धावतच बागेत गेले. बाबा झाडांच्या बुंध्याला बोर्डोचं औषध लावत होते, हात निळे झाले होते. मी सांगितलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

'झाडं मरतीन,' ते म्हणाले.

'बाई म्हणते, नाही तं गाव मरन.'

'तुही बाई म्हणते?'

'हो. तिच्या भावाचाबी बंद हाये.'

त्यांनी ते झाड पूर्ण केलं. कुंचला डब्यात ठेवला, हात मातीत घासले, मोटरच्या पेटीजवळ गेले, फ्यूज काढले आणि माझ्या ओंजळीत ठेवले. 'दे तुह्या बाईले.' मी ते तुमच्याकडे आणून दिले तेव्हा तुम्ही मला जवळ घेतलंत. मला वाटलं, मी काहीतरी फार मोठं केलं.

पानं आधी वळली, मग करपली. लहान हिरवी फळं गळून झाडाखाली पसरली, त्यावरून चाललं की पायाखाली कडकड वाजायची. पाऊस आला, पण तोवर अर्ध्याहून जास्त झाडं गेली होती. उरलेलीही पुढच्या वर्षी वाळत गेली. ती तोडायला माणसं आली त्या दिवशी आई घरातून बाहेर आली नाही. बाबा मात्र शेवटपर्यंत तिथे उभे होते, कुठे कुऱ्हाड चुकली की सांगत होते. तुम्ही आलात. बाबांना म्हणालात, 'तुमी गाव वाचवलं.' आणि दहावी पास झाल्याचं म्हणून माझ्या हाताला घड्याळ बांधलंत. आमच्या घरात तोवर कोणाच्याच हाताला घड्याळ नव्हतं. आता मला राहून राहून वाटतं, ते दहावीचं होतं की झाडांचं? हे तुम्हालाच विचारायला हवं होतं, आणि तुम्ही नाही.

तर तुमचा भाऊ उठला. त्याचे केस आता सगळे पांढरे झाले आहेत, आवाज मात्र तुमच्यासारखाच खणखणीत. त्यानं माईक घेतला नाही.

'सरपंचबाईनं सांगतलं ते अर्धं हाये,' तो म्हणाला. 'त्या उन्हाळ्यात माहा बोअर चालू होता. नाल्याच्या पलीकडचा. माह्या बहिणीनंच सांगतलं होतं, दुपारची मोटर लावत जाय, लोक घरात असते. जिनं साऱ्याइचे बोअर बंद केले, तिचाच भाऊ पाणी वढत होता. मंग गाव कायचं पाणी राखते? कायदा दूर असला तं बरा. गावात बहीण असते, जावई असते, साडू असते. दूरच्या साहेबाले कोणी नसते.'

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, वाईट मनानं नाही, आपल्याही गावातलं काहीतरी आठवल्यासारखे. आसेगावकडचे एक सरपंच माझ्यासारखेच विरोधात बोलून गेले होते, त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर सभेचा रोखच फिरला. संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या वतीनं म्हणणं ठरलं: मसुद्याला सूचनांसह पाठिंबा. मी हात वर केला नाही. पण उठून काही बोललेही नाही. बोलायला माझ्याकडे तुम्हीच होतात, आणि तुम्हाला तर त्यानं काढून घेतलं होतं.

फाटकाबाहेर तो रसवंतीच्या सावलीत उभा होता. मी त्याला गाठलं.

'काका, ठरावाले तुमीच अनुमोदन देल्लं होतं.'

'गावात देल्लं. तिथं लोकाइचं मन पाहा लागते. इथं खरं सांगतलं.'

'इतके वर्स काहून नाही सांगतलं?'

'कोणी इचारलं नाही.' मग तो खालच्या आवाजात म्हणाला, 'बाप मेला तवा मी रांगत होतो. ताईनं मले वाढवलं, लग्न नाही केलं तिनं. माही नवी कलमं होती. बोअर तिनंच बंद करवला होता, खोटी नाही बोलली ते तुह्याशी. आठ-दहा दिवसानं पाहाले आली. सुकलेली कलमं पाहून बांधावर बसून रडली, अन् म्हणे, लाव.'

'आमच्या झाडाइजवळ नाही आली कधी रडाले.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं. 'तुमची झाडं तिची नव्हती,' तो म्हणाला. मला दुखवायला नाही म्हणाला. साधी गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाला. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला आठवलं, त्याचे दोन नव्या बोअरचे अर्ज ग्रामसभेनं गेल्या उन्हाळ्यात अडवून ठेवले आहेत. दूरच्या साहेबाचं प्रेम त्याला कुठून आलं ते तेव्हा कळलं. पण त्याचा राग मला तितका आला नाही, बाई. तो कधी माझा कोणी नव्हता.

घरी आले तर बाबा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांना आता कमी दिसतं, बोटांनीच सगळं चालतं. मी त्यांच्यापासून काही लपवून ठेवू शकत नाही, म्हणून आधी त्यांनाच सांगितलं. वाटलं होतं, हातातलं सूप बाजूला ठेवतील, तुम्हाला शिव्या देतील. त्यांचे हात थांबले नाहीत.

'मले माहीत होतं,' ते म्हणाले.

'कवापासून?'

'तवापासूनच. नाला किती दूर हाये आपल्या वावरातून? दुपारी सारं चूप असते. मोटर ऐकू येत होती.'

'मंग बोलले काहून नाही?'

'कोणाशी बोलू? तुह्याशी? सकाळी उठली का बाई, निजताना बाई. तिच्यासारखी साडी नेसाची म्हणून मायची साडी गुंडाळून फिरत होती तू.' एक दाणा घरंगळून खाली गेला, तो त्यांनी चाचपून उचलला. 'तुह्या मनात तेवढं एक माणूस होतं. ते काहून मोडू?'

'मंग आपला बोअर तरी लावाचा होता ना, बाबा. ते चालवत होते तं.'

'मीबी लावला असता तं इहिरीत काय राह्यलं असतं?'

एवढं बोलून ते शेंगा सोलत राहिले. मी आत गेले, चूल पेटवायची म्हणून बसले आणि बराच वेळ पेटवलीच नाही.

बाई, भावाच्या कलमांसाठी तुम्ही रडलात, हे मी समजू शकते. माझ्या भावाचं तसं झालं असतं तर मीही कदाचित बांधावर बसून रडले असते. पण तुम्ही मला पाटावर बसवून भाकर वाढलीत आणि तुमचं वाक्य माझ्या तोंडून बाबांना ऐकवलंत, कारण माझ्या तोंडून ते नाही म्हणणार नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं. ठीक आहे, तेव्हा ते खरं होतं. पण मोटर पुन्हा लागली त्या दिवशी तुम्हाला माझी आठवण आली नाही? तुम्ही येऊन एवढं सांगितलं असतं, की मले नाही जमलं, तुह्या बालेबी लावू दे, तर अर्धी बाग तरी जगली असती. त्याऐवजी तुम्ही झाडं तोडायच्या दिवशी आलात आणि गाव वाचवलं म्हणालात. गाव वाचवणारा माणूस आमच्या घरात होता, त्याला ते तुमच्याकडून ऐकून घ्यावं लागलं, आणि त्यानं ऐकून घेतलं. मी इतकी वर्षं लोकांना तुमची गोष्ट सांगत फिरले. ती बाबांची होती.

तालुक्यात झालेलं गावात पोचायला वेळ लागला नाही. मी पुन्हा ग्रामसभा बोलावली. लोक म्हणत होते, आता तालुक्याबरोबर जाऊ, एकट्या गावाच्या विरोधानं काय होणार आहे? मी सांगितलं की त्या उन्हाळ्यात एक बोअर दुपारचा चालू होता. आणि हेही सांगितलं की शेजारच्या वावरातल्या माणसाला ते ऐकू येत होतं, तरी त्यानं आपला लावला नाही, म्हणून विहिरीत पाणी राहिलं. त्यांचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. बाबांना ते दिसलं नाही. तांड्यावरचा एक जण म्हणाला, 'मंग ठराव तोच राहू द्या. पण यापुढं बंद बोअर पाहाले सरपंचाच्या नात्यातलं कोणी जाऊ नये. दुसऱ्या वस्तीतल्या लोकाइनं जावं.' ते ठरावात घातलं. तुमच्या भावानं या वेळी हात वर केला नाही, पण उठूनही गेला नाही.

जिल्ह्याच्या सभेत तालुक्याचंच म्हणणं पुढे गेलं. आमचा विरोध एका गावाचा विरोध म्हणून नोंदला गेला आहे. कायदा कसा येईल ते माहीत नाही. मसुद्यात होता तसाच येईल असं लोक म्हणतात.

हे मी कुठे टाकणार नाही. टाकायला पत्ता नाही, आणि गावात कोणाला वाचून दाखवण्यासारखं हे नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी ग्रामसभेत तुमच्या शेजारची म्हातारी उठली. तुम्ही तिला सही करायला शिकवलं होतं. ती म्हणाली, 'उपसरपंच काईबी म्हणो. पोरी, तू सांग. बाईले खरंच ठाऊक होतं का?' सगळे माझ्याकडे पाहत होते. तुमचा भाऊही पाहत होता. मी म्हणाले, 'मले माहीत नाही, मावशी.'