विक्रमाखालची ओळ

प्रिय सुधा,

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी पूजा आटोपली आणि कामावर जायच्या आधी शिडी लावून लॉफ्टमध्ये चढलो. तुझी निळी सूटकेस खाली उतरवली. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ती उघडायचं धाडस मला झालं नव्हतं. त्या दिवशी उघडावीच लागली. तुझ्या कॉलेजला तुझा फोटो हवा होता.

हो रे, तुझ्याच कॉलेजला! स्पोर्ट्स हॉलबाहेरच्या भिंतीवर जुन्या नामवंत खेळाडूंचे फोटो लावायचं त्यांनी ठरवलं. 'हॉल ऑफ फेम' म्हणतात त्याला. पहिल्या आठ जणांत तू. क्रॉस-कंट्री धावण्यातला तुझा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही म्हणे.

मी कॉलेजचं पत्र उघडलं तशी तुझी वहिनी, मालती, स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, मोठ्याने वाचा की! माझ्या दिराचं कौतुक मला नको का ऐकायला?"

मी मोठ्याने वाचलं. फक्त शेवटची ओळ गाळली.

फोटोखाली छापायचा मजकूर त्यांनी तपासून सही करायला पाठवला होता. त्याच्या शेवटी होतं, 'अंतिम स्पर्धेच्या आठवडाभर आधी अभ्यासासाठी त्याने स्वेच्छेने संघ सोडला.' सुधा, हे वाक्य कॉलेजने रचलेलं नव्हतं. ते माझंच. मीच तुझ्या कोचना, मिस्टर एलिसना, फोनवर तसं सांगितलं होतं आणि तू शेजारी उभा होतास. तू तोंड का उघडलं नाहीस रे तेव्हा?

तुझ्या शर्यती शनिवारी, आणि शनिवार मारुतीचा. बाबांच्या मागे घरचा उपास मी चालवला. तू कॉव्हेंट्रीला माझ्याकडे शिकायला आलास, तेव्हा तुझ्यावरही तो लादला. दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. तुझी कुरकुरही हसतहसत असायची. "दादा, मारुतीने तर जन्मल्या जन्मल्या सूर्य खायला उडी मारली. त्याच्या नावाने आपण उपाशी कसं राहायचं?" मी "जीभ आवर" म्हणालो, की तू खिडकीबाहेर बोट दाखवायचास. "बरंय, इथे हिवाळ्यात चारलाच मावळतो. मारुतीराया इंग्लंडवर खूश दिसतोय!"

तो विक्रमही तू उपाशीपोटीच केलास. एलिसना ते कुठे ठाऊक होतं?

मग त्या शनिवारी तू चिखलात कोसळलास. एलिसच तुला गाडीत घालून घरी घेऊन आले. तुझा पांढराफटक चेहरा पाहून कुणीही शहाण्या माणसाने तुला खायला घातलं असतं. मी काय केलं? तुझं धावणं बंद केलं!

"दादा, मी सकाळी फक्त एक केळं खातो. एकच," तू म्हणालास. "टीममध्ये सहा जण पूर्ण लागतात. एक कमी पडला तर टीमच बाद होते. बाकीच्यांनी काय केलंय?"

"देवाचं मोडून धावायचं नाही," मी म्हणालो.

आज खरं सांगतो. मला देवाचं भय नव्हतं, गावाचं होतं. थोरल्याने धाकट्याला विलायतेत नेऊन बिघडवलं, असं कुणी आईला ऐकवलं तर? एवढ्याशा भीतीपोटी मी तुला पळपुटा ठरवलं. संघ बाद झाला. पुढच्याच वर्षी मेंदूज्वराने चार दिवसांत तुला नेलं आणि माझं खोटं तसंच राहून गेलं.

तर, तो सहीचा कागद मी दहा दिवस देव्हाऱ्यामागे सरकवून ठेवला होता. देव्हारा पुसताना मालतीच्या हाती लागला. तिने चष्मा चढवून हळूहळू सगळा वाचला.

"हे काय? भावजींनी सोडला संघ?"

"सही करून टाकू म्हणतोय. आता कुणाला काय फरक पडतो?"

"त्यांना पडतो! त्यांना बोलता येत नाही म्हणून काय, आपण काहीही छापू द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कॉलेजात गेलो. एलिस आता पार पिकलेत. माझ्या मोडक्या इंग्रजीत उपासापासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बारा वर्षं मी त्या मुलावर मनात राग धरून होतो." थोड्या वेळाने तेच म्हणाले, "ती ओळ काढून टाकू. घरातल्या गोष्टी भिंतीवर कशाला?"

क्षणभर हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ओळ काढल्याने तुझ्यावरचा डाग कुठे जाणार होता? मी नको म्हणालो.

परवाच्या शनिवारी दुपारी समारंभ झाला. तुझ्या संघातला केव्हिन आला होता. तो आता पोस्टात आहे. फोटोखालचा मजकूर वाचून तो माझ्याकडे वळला. "आम्ही एक अख्खी टर्म त्याच्याशी बोललो नाही. तो कँटीनमध्ये एकटा बसायचा. त्याने सांगितलं का नाही?"

"मोठ्या भावाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, म्हणून," मी म्हणालो.

"तुम्ही हे तो जिवंत असताना सांगायला हवं होतं," एवढंच बोलून तो गेला. माझ्याशी हात मिळवला नाही त्याने. बरोबरच केलं. एकटा बसायचास, हे तू घरी कधी कळू दिलं नाहीस, सुधा!

शनिवार मी अजून करतो. मारुतीवर माझा राग नाही. त्याने तुझं धावणं कधी मागितलंच नव्हतं.

आईला अजून वाटतं, तू कंटाळून धावणं सोडलंस. दिवाळीत गावी जाईन, तिच्याजवळ बसेन आणि पहिल्यापासून सगळं सांगेन. हे तुला वचन.

कॉलेजच्या भिंतीवर, तुझ्या विक्रमाच्या खाली, आता मी लिहून दिलेलं वाक्य आहे. 'त्याने संघ सोडला नाही. थोरल्या भावाने त्याला धावू दिलं नाही.' नुसतं 'थोरला भाऊ' पुरेसं आहे, असं एलिस म्हणत होते. मी माझं पूर्ण नाव घालायला लावलं.

तुझा,
दादा