बोरीच्या धुऱ्यावरचे युद्ध चालू ठेवण्याबाबत

मी, सीताबाई पंजाबराव इरतकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय भाजीपाल्याची शेती आणि वांगेगडचे राज्य, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, असा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाची झडप ढिली झाल्याचेही त्यांनीच सांगितले, म्हणून ही घाई. मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. तशी कोणाची छातीही नाही. मी सांगते आहे आणि वकील निता मॅडम टाइप करत आहेत. "राज्य" हा शब्द त्यांनी खोडला होता, तो मी परत लिहून घेतला.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात तोंडी मात्र पुष्कळदा केले आहे. "हे घर मी कुत्र्याला देईन पण तुम्हाला देणार नाही" अशी सगळी वाक्ये या कागदाने रद्द समजावीत.

कलम १. राहते घर माझा मुलगा गजेंद्र आणि सून उज्ज्वला या दोघांच्या नावे करावे. नाव आधी उज्ज्वलाचे लिहावे. गजेंद्र कष्टाळू आहे, मायाळू आहे, पण एकदा डोक्यात काही शिरले की ते बाहेर काढायला गावकरी जमवावे लागतात. हा गुण त्याने वडिलांकडून घेतला आहे. उज्ज्वलाला माझा स्वयंपाकातला पाटा-वरवंटाही द्यावा. मिक्सर आहे म्हणून तो अंगणात पाय धुवायला टाकू नये.

कलम २. बँकेत जे काही असेल ते नात सायली हिच्या शिक्षणाला लावावे. ती मालेगावच्या कॉलेजात एसटीने जाते-येते आणि वरच्या आवाजात बोलते. या दुसऱ्या गुणाचा उपयोग पुढे कलम ६ मध्ये येणार आहे.

कलम ३. कलम ६ मधला भाग सोडून बाकीचे शेत, खुरपी, विळे, टोपल्या आणि फवारणीचा पंप गजेंद्रला. पंप पाठीवर गळतो. दुरुस्तीला लालसिंग राठोड यांच्याकडेच न्यावा. ते आमचे शेजारी असून गेल्या सगळ्या लढायांत तटस्थ राहिले. विहीर त्यांची असल्याने दोन्ही राज्यांना त्यांच्याशी गोडच बोलावे लागले. तटस्थ राहून सर्वांत जास्त भाजी त्यांच्याच घरी गेली, हे मी ओळखून आहे.

ज्या बाईने सायलीच्या बारशाला माझ्या पुरणाला "गोड वरण" म्हटले होते, तिला माझ्या तेरवीला अवश्य बोलवावे. तिला पुरण वाढावे, पण सर्वांत शेवटी. नाव इथे लिहिण्यास वकीलबाई मना करतात. उज्ज्वलाला नाव माहीत आहे.

कलम ४. आता युद्धाविषयी.

माझे शेत आणि श्रीमती केशरबाई भिवाजी सरकटे यांचे शेत, यांच्यामध्ये एक धुरा, म्हणजे बांध, आहे आणि धुऱ्यावर एक बोरीचे झाड आहे. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा हा धुरा बैलगाडी जाईल इतका रुंद होता. आम्ही दोघी दुपारी त्याच बोरीखाली भाकरी सोडायचो. पण माझे मालक पंजाबराव आणि तिचे मालक भिवाजी या दोघांना धुरा कोरायची खोड होती. वखर चालवताना माझे मालक आमच्या बाजूने चार बोटे धुरा कापत, आणि दुसऱ्या दिवशी भिवाजी आपल्या बाजूने चार बोटे कापत. मग दोघेही "धुरा कोणी कोरला" म्हणून गावभर बोंबलत. असे करता करता धुऱ्याची पार सुतळी झाली, बोरीच्या मुळ्या दोन्हीकडून उघड्या पडल्या, आणि एका वर्षी प्रकरण हातघाईवर आले. त्या संध्याकाळी दोन्ही घरांत एकच हुकूम सुटला: "त्या घरच्या बाईशी बोलशील त पाह्य."

बोलायचे नाही म्हणजे नाही. मी महिनाभर वांग्यांशी बोलले. वांगी ऐकतात, पण हुंकार देत नाहीत. खरे सांगते, तसा एकटेपणा मला माहेर सुटले तेव्हाही वाटला नव्हता.

मग एका सकाळी केशर कमरेवर हात ठेवून धुऱ्यावर उभी राहिली आणि शिवारभर ऐकू जाईल अशी ओरडली, "काहून वं वांगेगडच्या राणी! तुही बकरी माह्या राज्यात काहून घुसली?"

आमच्याकडे बकरी नव्हती. मी खुरपे हातात धरून उभीच. तिकडे तिच्या चेहऱ्यावर हसू आवरत नव्हते. तेव्हा माझ्या लक्षात आले की हुकूम बोलायचा नाही असा होता, भांडायचा नाही असा नव्हता. मीही पदर खोचला.

"बकरी नाई थे, माही फौज हाय! मिरचापूर लुटाले धाडली!"

"येऊ दे! मिरचीची धुरी देतो तुह्या फौजेले!"

दोन्ही मालक आपापल्या शेतात काम थांबवून ऐकत होते. रात्री पंजाबराव जेवताना म्हणाले, "असं पाह्यजे! चांगलं हाणलं तिले." एवढ्या वर्षांत त्यांनी माझे इतके मोकळे कौतुक त्याच दिवशी केले.

तेव्हापासून वांगेगड आणि मिरचापूर यांच्यात युद्ध सुरू आहे. बोर आणि तिच्याखालची पट्टी हा वादग्रस्त मुलूख. एका खाटेएवढा असेल. रोज सकाळी दोघी राण्या सीमेवर येऊन एकमेकींचा उद्धार करतात. "तुह्या राजवाड्यात आज चूल पेटली काय?" म्हणजे जेवलीस का. "तुहा सेनापती आज लंगडून काहून राह्यला?" म्हणजे भिवाजीच्या गुडघ्याला काय झाले. हे कोणी कोणाला शिकवले नाही. ज्याला भूक असते त्याला भाकरीचा वास येतोच.

तोफांचा मारा व्हायचा. मी वांगी फेकायचे, ती मिरच्यांची पुरचुंडी फेकायची. एकदा पंजाबरावांनी पाहिले.

"वांगी कायले वाया घालतं? ढेकूळ मार ना!"

"ढेकळानं नुसतं लागते," मी म्हटले, "वांग्यानं अपमान होते."

त्यांना ते पटले. त्या रात्री शत्रूच्या दारूगोळ्याचा ठेचा खाऊन ते म्हणाले, "यंदा आपली मिरची लय झणझणीत हाय." आम्ही मिरची लावलेली नव्हती. शेवटपर्यंत त्यांनी हा हिशेब लावला नाही, आणि मीही त्यांच्या ताटातला आनंद हिरावला नाही.

आमचा बैल बादल हा वांगेगडचे घोडदळ होता. तो एकदा फितूर झाला. दावे तोडून मिरचापुरात गेला आणि तिकडची सरकीची ढेप खाऊन परत यायला तयार होईना. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले, पुरुषांच्या झडत्या, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणारी पोळ्याची कवने, संपल्या, तशी केशर बायांच्या घोळक्यातून पुढे होऊन ओरडली:

"वांगेगडची राणी, तिचा लय थाट,
बैल खाते आमची ढेप, पाह्यते आमची वाट!"

सगळा गाव हसला. बायांनी झडती म्हणायची रीत नाही, पण मीही काही मागे हटणारी नव्हे:

"मिरचापूरची राणी, नाकावर राग,
एक बोर पडलं खाली, म्हणे माही बाग!"

गावाला वाटले, या दोघी जन्मात एक व्हायच्या नाहीत. तहाचे दिवस ठरलेले होते: संक्रांत, चौदा एप्रिलची जयंती, आणि कोणत्याही राज्यातले बाळंतपण. गजेंद्र झाला तेव्हा पुरुष माणसे शिरपूरच्या बाजाराला गेलेली पाहून शत्रूने माझ्या घराला वेढा घातला आणि डिंकाचे लाडू उशाशी ठेवून माघार घेतली.

कलम ५. पुढे भिवाजी वारले. मग आमचे मालकही गेले. हुकूम देणारे कोणी उरले नाही. एके दिवशी आम्ही रीतसर बोरीखाली शेजारी शेजारी बसलो, आता मोकळेपणाने बोलायचे म्हणून. मी म्हटले, "कशी हायस?" ती म्हणाली, "बरी हाय. तू?" मी म्हटले, "बरी हाय." पुढे दोघींनाही काही सुचेना. पाहुण्यांसारख्या बसलो आणि उठून आलो. दुसऱ्या दिवशी ती धुऱ्यावरून ओरडली, "काल हेरगिरी कराले आली होती काय वं?" तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मात्र एक गोष्ट आमच्या हातून निसटली. पोरांनी हे युद्ध खरे धरले. माझा गजेंद्र आणि तिचा संघपाल लहानपणापासून एकमेकांकडे तिरपे पाहतात. गेल्या महिन्यात गजेंद्रने सिमेंटचे खांब आणि तारेची बंडले आणून धुऱ्याशी टाकली. सरकारी मोजणी आणायची, बोर तोडायची, आणि मधून माणसाच्या उंचीचे कुंपण घालायचे, असा त्याचा बेत.

"आई," तो म्हणाला, "थे बुढी तुले रोज शिव्या देते. तुह्या काळजाले हे सोसत नाई. आता मी तुहा तरास कायमचा मिटवतो."

मी त्याला सगळे खरे सांगितले. ऐकून त्याचे डोळे भरले. म्हणाला, "आई, तू लय मोठ्या मनाची हाय. दुश्मनालेही सांभाळून घेतं."

मला मरणाची भीती वाटत नाही. कुंपणाची वाटते. मी गेल्यावर केशर सकाळी धुऱ्यावर येईल, आणि समोर तार असेल, आणि तिला उत्तर द्यायला कोणी नसेल. संघपाल नोकरीपायी अकोल्याला असतो. ती दिवसभर एकटी असते. मी तिच्यावर जीव लावला आहे, हे एकदा कागदावर येऊ द्या.

कलम ६. म्हणून मी पुढीलप्रमाणे व्यवस्था करते.

(अ) बोर, बोरीखालची पट्टी आणि धुऱ्यावरचा माझा जो काही हक्क असेल तो सर्व श्रीमती केशरबाई सरकटे यांना कायमचा द्यावा. मुलूख त्यांचा झाला की तिथे कुंपण घालायचा गजेंद्रचा हक्क उरत नाही. युद्ध हरल्याची नोंद इतिहासात झाली तरी चालेल.

(ब) वांगेगडची गादी सायलीला. कॉलेजच्या दिवशी उज्ज्वला सेनापती म्हणून काम पाहील, तिला आवाजाची उपजत देणगी आहे. गादीवर जी असेल तिने रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन केशरबाईंना खणखणीत आवाजात आव्हान द्यावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर आले की परत यावे. उत्तर आले नाही, तर सीमा ओलांडून थेट तिच्या घरात जाऊन पाहावे.

(क) वांगी फेकताना कोवळी फेकावीत. केशरला आता दात कमी आहेत.

शेवटची नोंद. वरील मजकूर टाइप होऊन सह्यांची वेळ आली तेव्हा पुढील प्रकार घडला, तो मी मुद्दाम लिहून घेते. साक्षीला आलेल्या लालसिंग राठोड यांनी आयुष्यात पहिल्यांदा तटस्थपणा सोडला आणि कलम ६ (अ) ची बातमी मिरचापूरला पोचवली. केशर काठी टेकत आमच्या ओसरीवर आली. गजेंद्र उठून आडवा आला, तर तिने त्याला काठीनेच बाजूला केले.

"शरण आली काय वं सीते?" ती ओरडली. "फुकटचं राज्य मले नको! लढून घेईन, नाई त घेणार नाई!"

मी म्हटले, "मेल्यावर कशी लढू?"

"थे तुहं तू पाह्य!" एवढे बोलून ती खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मीही पुसले. उज्ज्वलाने चहा आणला. गजेंद्र आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी हळूहळू फिरताना सर्वांना दिसले.

मग केशरने वकीलबाईंना विचारले, "मी याच्यावर साक्षीदार म्हणून सही केली त चालते काय?"

निता मॅडम म्हणाल्या, "आजी, ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार असतं, त्यानं साक्षीला सही करू नये. पुढे त्यावरून भांडण निघतं."

"भांडण निघते?" केशर म्हणाली. "मंग आण थो पेन."

मॅडमनी खूप समजावले. मी म्हटले, करू द्या. गजेंद्र उठला आणि चप्पल घालू लागला. कुठे निघालास म्हणून विचारले तर म्हणाला, "खांब उचलून आणतो. कारल्याच्या मांडवाले कामी येतीन." जाता जाता त्याने केशरला विचारले, "मावशी, तुमच्या इकडं मांडवाले खांब पाह्यजेत काय?" ती म्हणाली, "दुश्मनाचे खांब मी घेत नाई. चार आणून टाकजो."

हा सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. समजून उमजून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

ठिकाण: मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

मृत्युपत्र करून देणार:
सीताबाई पंजाबराव इरतकर (सही)

साक्षीदार पहिले:
लालसिंग राठोड, राहणार मेडशी (सही)

साक्षीदार दुसऱ्या:
केशरबाई भिवाजी सरकटे, राहणार मेडशी (सही)

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर:
बोर माहीच हाय. उद्या सकाळी धुऱ्यावर येजो. मरू नको.