काकांच्या टबातला करंट

२ एप्रिल, गुरुवार
दोन रात्रींसाठी आलो होतो. आज एकविसावा दिवस. कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायची आणि गोकर्णला सटकायचं, एवढाच प्लॅन. मोहनकाका-शुभाकाकींकडे माडाखालची खोली भाड्याने मिळाली आणि बूड हललं नाही. आई घरून, कट्टा गावाहून फोन करते, कुठे आहेस. वेंगुर्ल्याजवळ, म्हणतो. अजून? अजून.

टब पुन्हा बंद. दुबईवाल्या मुलाने, संदेशने, बापाच्या गुडघ्यांसाठी पाठवलेला गरम पाण्याचा टब. मागच्या पडवीला लागून चिऱ्याच्या ओट्यात बसवलाय. काका त्याला डोण म्हणतात. "बापाशीक बसाक म्हशीची डोण पाठवल्यान." पण पाच वाजले की टॉवेल घेऊन हजर तेच.
हीटर लावला की पाच मिनिटांत ईएलसीबी खाली, करंट गळला की लाइन तोडणारा तो स्विच. खट्. पाणी कोमट.
काका म्हणाले, "तू आयटीआय केलंलस मा रे, निल्या? बघ वायच."
एकच वर्ष केलं, तेही अर्धं कॅन्टीनमध्ये, हे बोललो नाही.

३ एप्रिल
नुसता पंप लावला, चालतो. हीटर जोडला की खट्. म्हणजे हीटरच. विहिरीचं पाणी मचूळ, त्याने कॉइल खाल्ली असणार. नवीन वेंगुर्ल्याच्या दुकानात सांगून मागवावी लागेल, आठवडा तरी. काका उभेच. "म्हणजे आज माका मिळाचा नाय?" तोंड एवढंसं.
गोव्यात शॅकवर होतो तेव्हा फ्रीज असाच ट्रिप व्हायचा. तिथल्या मालकाने केलेलं तेच केलं. ईएलसीबीच्या वायरी काढल्या, एकमेकींना जोडल्या, वर टेप. डायरेक्ट. कॉइल येईपर्यंतच.
पाणी फक्कड तापलं. काकीने घावणे केले, बरोबर नारळाचा रस. "झिल हुशार आसा हो." सहा खाल्ले.

४ एप्रिल
सकाळी एकदम धास्ती वाटली म्हणून पाण्यात टेस्टर धरून बघितला. पेटला नाही. अर्थिंग चांगलं आहे. तुळशीच्या बुडाशी पुरलंय. ज्याने घातलं तो डोकेबाज. उन्हाळ्यात जांभ्यात कुठे ओल राहत नाही, पण तुळशीला काकी रोज पाणी घालतेच, तिथली माती कायम ओली. कॉइलमधून गळणारा करंट तिकडे जमिनीत जातो. तोवर ठीक.
कॉइलचं उद्या नक्की.

६ एप्रिल
रेडीहून फोन, काकांचे चुलतभाऊ गेले. दोघं जाऊन आली. काका लंगडत. दहा दिवस सुतक. काकी म्हणाली, "माका आता तुळशीक पाणी घालूचा नाय. तू भायलो, तुका सुतक नाय. सकाळी आंघूळ करून तांब्याभर घाल. इसारशीत!"
नाय इसरूचंय, म्हटलं.

७ एप्रिल
पाणी घातलं. दुकानात फोन करून कॉइल सांगितली. एका दिवसात दोन कामं!

९ एप्रिल
काल पहाटे घरट्यातून पिल्लं निघाली. आज पुन्हा. बोटभर जीव, वाळूतल्या पावलाच्या खड्ड्यात पडतं, उलटतं, परत चालायला लागतं. तिथे एक पोरगा भेटला, सायकलवर केरळपासून आलाय. त्याच्याबरोबर रेडीचा गड बघायला गेलो. रेंज नाही, काही नाही. मस्त. त्याची चेन दोनदा पडली

१२ एप्रिल, रविवार
पाच वाजता काका टबात. मला हाक मारली. "निल्या, तुज्या हाताक गुण आसा रे!" काय झालं? "कुडाळची डॉक्टरीण गुडघ्याक करंटाची मशीन लावता मा, तसोच करंट येता हयसर. मुंग्यो येतत. दोन दिस झाले. हात भायर चिऱ्यार ठेवलंय की जास्त येतत. हे बघ."
आणि ठेवला हात. हसत होते.
"काकानु, हात आत घेवा!" ओरडलो आणि मेन स्विचकडे धावलो. अख्ख्या घराची लाइट घालवली. आतून काकी, "मेल्या, मिक्सरात माजा वाटप अर्धा रवला!"
मग तुळशीकडे गेलो. माती पांढरी, चिरा पडलेल्या. तांब्या सात तारखेला ठेवला होता तिथेच पालथा. पाच दिवस. पाच दिवस मी कासवं बघत होतो.
काका बाहेर आल्यावर मेन चालू करून टेस्टर पाण्यात धरला. पेटला.

१३ एप्रिल
झोप नाही. डोळे मिटले की तो हात.
सकाळी हीटरच्या वायरी सोडवल्या. तुळशीला तीन बादल्या पाणी घातलं, सगळं खाली निघून गेलं. पानं गळतायत. काकीने विचारलं, "रोज घालतंस मा रे पाणी?" हो म्हटलं. ऊन फार आहे म्हटलं. तिने गळलेली पानं वेचली. "सुतकात तुळस सुकली. बरा नाय ह्यां." तिला वाटतंय काकांवर काहीतरी येणार आहे. ते येऊन त्यांच्या हातापर्यंत पोचलं होतं आणि आणणारा मी, हे कसं
काकांना सांगितलं की हीटर जळलाय, टब बंद. "करंट पण नाय?" नाय. "मगे दुखतला रे." खरंच दुःख झालं त्यांना. म्हणे दोन दिवसांत जिना चढले होते.
बॅग काढली. परत ठेवली. गोकर्णची बस सकाळची असते बहुतेक.

१४ एप्रिल
कॉइल आली म्हणून दुपारी आणायला गेलो. बाजारात काजूवाल्याशी बोलत बसलो, अर्धा तास तरी. लिहून ठेवतो, कारण तो अर्धा तास मला आता जन्मभर
परत आलो तर पडवीत हसण्याचा आवाज. शेजारचे आप्पा. बत्तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढलेली. काकांनी त्यांना मुंग्यांची गोष्ट सांगितली, आणि आप्पांनी, "वायर सुटलीहा, दुसरा काय नाय," करून हीटर जोडून दिला. काका टबात. आप्पा लुंगीवर, कंबर चोळत, पाणी तापायची वाट बघत. एक पाय पाण्यात घातलेला, एक ओट्यावर.
मेनपर्यंत कसा गेलो आठवत नाही. मेन खाली ओढला.
आप्पा ओरडले, "कोण रे तो लाइट घालवणारो?"
मग सगळं सांगितलं. ईएलसीबी, टेप, तुळस, तांब्या, आयटीआयचं एक वर्ष. आप्पांनी पाय काढून घेतला, त्या पायाकडे बघत बसले. बोटीवर असं करणाऱ्याला पुढच्याच बंदरात उतरवतात, म्हणाले. काका टबातून उठेनात. आता लाइट नाही, तरी पाण्याला भिऊन हात छातीशी धरलेले. "म्हणजे मी मरणाक डोणीत घेवन बसलंलंय? आणि तुका माहीत होता?"
रविवारपासून, म्हटलं.
काकी एवढंच म्हणाली, "पाणी घातलंय म्हणून माका सांगलंस."

१५ एप्रिल
वेंगुर्ल्याचा वायरमन आला. टेप सोलून बघितली आणि शिवी घातली. "कोणी केल्यान ह्यां?" मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "जुना आसा." का म्हणाले माहीत नाही. माझ्याकडे बघितलं नाही.
काकीने त्याला विचारून घेतलं, मेन कुठला, कसा खाली ओढायचा, हात ओले असले तर काय. दोनदा ओढून बघितला.
मला जेवायला वाढलं. वाढून लगेच आत गेली.

१६ एप्रिल
सुतक फिटलं. नवी कॉइल बसली, ईएलसीबी जागेवर, अर्थिंगसाठी दुसरा खड्डा विहिरीच्या बाजूला, तो खणायला मी. जांभा पहारीला दाद देत नाही, हाताला फोड आले. बरं वाटलं. वायरमनने मीटर लावून दाखवला, ठणठणीत, काही नाही. बटण दाबून ईएलसीबी पाडून दाखवला. खट्. एवढा छान आवाज.
काका आलेच नाहीत बघायला. "माका नको ती डोण." दिवसभर खाटेवर. उठताना दोन्ही हातांनी गुडघा धरतात.
तुळशीच्या दोन काड्या हिरव्या आहेत. मी विचारलं, जगेल काय? काकी म्हणाली, "बघूया."

१८ एप्रिल, शनिवार
संदेशचा फोन होता. काकांनी त्याला सांगितलं, डोण बरी आसा, रोज बसतंय. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.
काकीने साडेचारला टब लावला. मला बोलावलं. चार दिवसांत पहिल्यांदा नावाने. "निल्या. आधी तू बस. ह्येंका दिसाक होया. तू उठान इलंस की मगे ह्ये बसतीत."
बसतील? "म्हायत नाय."
मीटर ठणठणीत आहे. मी स्वतः बघितलंय. तरी पाय गारठलेत, पाणी वाफाळतंय आणि पाय गार. हे ओट्यावर बसून लिहितोय, लिहितोय तोवर बसायला नको म्हणून. आप्पा कुंपणाशी उभे. काकांना खाट दारापर्यंत ओढून दिली आहे, ते इकडेच बघतायत.
काकी रबरी चपला घालून मेनपाशी उभी आहे. हात स्विचवर.
"लिवन झाला?" म्हणते.