उघडा हात माझा घ्या

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा सुतारकाम, कुणाच्या धाकाने किंवा भरीला पडून नव्हे, तर पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवते. शरीराची वाट लागली आहे, डोकं ठणठणीत आहे. शंका असेल त्याने समोर येऊन विचारावं.

१. राहती खोली, खालचा कारखाना, हत्यारं आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. मी डाव्या हाताने लिहिते ही चुगली लहानपणी हिनेच केली. बाबांनी लाकडी हातोड्याच्या दांड्याने माझी बोटं फोडली, रोज, उजव्याने लिहायला लागेपर्यंत. मी हिचं बोट दारात चेमटवलं. फिटंफाट झाली.

२. वखारवाल्याला काही नाही. ओलं लाकूड वाळलेलं म्हणून खपवायचा. एकदा कानाखाली वाजवली होती, दुसरी राहून गेली.

३. बाबांचा तो हातोडा जाळून टाका. त्यानेच मी माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मनगट मोडलं. कॅन्सरच्या औषधाने बोटं बधिर होतात. ती वाचावीत म्हणून औषध चढताना गोठवलेला हातमोजा घालायचा, हे त्यांचं संशोधन. एका हाताला मोजा, दुसरा उघडा, म्हणजे फरक कळतो. कामाचा हात वाचवायचा म्हणून त्यांनी विचारलं, "लिहिता कुठल्या हाताने?" मी म्हटलं, "उजव्या." पण करवत, पटाशी, रंधा सगळं माझा डावा चालवतो. ते त्यांनी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. मोजा उजव्याला चढला, उघडा डावा मेला. यंत्राच्या करवतीने दोन बोटं नेली, ती भुसा लाल झाल्यावर कळली. फडकं गुंडाळून तशीच इस्पितळात गेले आणि त्यांनीच वाचवलेल्या उजव्या हाताने हातोडा घातला. हाड मोडल्याचा आवाज ऐकून बरं वाटलं, लपवत नाही. ते एवढंच म्हणाले, "बाई, चुकलं माझं." त्याने आणखीच तळपायाची आग मस्तकात गेली.

४. आता धाकटीला तेच दुखणं, तेच औषध, तेच डॉक्टर. ती शिवणकाम करते. परवा म्हणाली, "ताई, एका हाताने कापड धरते, दुसऱ्याने सरकवते. तूच सांग, कुठला मरू देऊ?" मी खुर्ची भिंतीवर आपटून मोडली.

तेव्हा डॉक्टर, ऐका. माझा श्वास थांबला की दोन्ही हात खांद्यापासून कापून न्या. एक राखलेला, एक मारलेला. नसा सोलून काढा, हवं तेवढं ताडून बघा. उघडा हात हवा ना तुम्हाला? माझा घ्या. धाकटीच्या दोन्ही हातांना मोजे चढवा. नाही चढवलेत तर हात तुमच्या ताब्यात आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

ही सही बाबांच्या मारानंतर प्रथमच डाव्या हाताने, उरलेल्या तीन बोटांनी करते. पेन बोटांना लागत नाही, नुसतं दिसतं.

(सही)

ठिकाण: इस्पितळ, खिडकीजवळची खाट.
दिनांक: धाकटीला पहिलं औषध चढणार तो दिवस.

साक्षीदार:
१. कारखान्याशेजारचा रंगारी (सही)
२. वॉर्डातली नर्स (सही)

डॉक्टरांचा दाखला: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांच्या बहिणीला आज सकाळी दोन्ही हातांना मोजे चढवले. यांच्या मरणासाठी थांबलो नाही.
(सही डाव्या हाताने, उजवा प्लास्टरमध्ये असल्याने)