कोंबडीला चालतं

शनिवार, टॅम्पिनीस, सिंगापूर

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. आज पुण्यात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. मी त्यांची एकुलती एक. मी येऊन बसते म्हटलं, तर काका म्हणाले, "मुलीनं बसणं शास्त्रात नाही, बाळा. समीर बसेल." समीर म्हणजे काकांचा मुलगा. बाबांच्या आजारपणात एकदाही न फिरकलेला.

व्हिडिओ कॉलवर पाहिलं. जेवायला ब्राह्मण मिळाले नाहीत, म्हणून गुरुजींनी त्यांच्या पाटांवर दर्भाच्या गाठी ठेवल्या. चट. चटावरचं श्राद्ध उरकणं म्हणतात ना, ते अक्षरशः! समीर मधूनमधून घड्याळ बघत होता. काकांना ते दिसलं नाही?

कॉल संपतोय तोच माझी लेक ईरा जपानी हस्तकलेच्या क्लासवरून आली. हातात भाजलेल्या मातीची कोंबडी. म्हणाली, पूर्वी जपानमध्ये राजाला पुरलं की वर टेकडी रचायचे आणि तिच्यावर अशा मातीच्या आकृत्या उभ्या करायचे. सैनिक, घोडे, बायका.

"आणि कोंबडी? राजाजवळ?"

"कॅन, ला! एव्हरीबडी कॅन."

चालतं की, सगळ्यांनाच चालतं, असं इथल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगून लेक हसली. मला हसू येईना. कोंबडी! बाबा ज्या हाताला धरून शेवटचं चालले, तो हात माझा होता. ब्राह्मणाच्या जागी गवताची गाठ चालते. मुलाच्या जागी पुतण्या चालतो, घड्याळ बघणारा का असेना. मुलगी नाही चालत.

ईरानं तिची कोंबडी बाबांच्या फोटोपुढे ठेवलीय. कुणालाही न विचारता.